सायलेन्सरमधलं नाक

सोलापूरला दिल्ली-मुंबईच्या पंगतीत पाट मांडून बसवलंय, असा योग वारंवार येत नाही. १ एप्रिल २०१० रोजी तो आला. गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज चारचे, म्हणजे बीएस-४ चे, कडक नियम त्या दिवशी देशातल्या फक्त तेरा शहरांना लागू झाले. दिल्ली आणि तिचा गोतावळा, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, सुरत, कानपूर, लखनौ, आग्रा आणि सोलापूर. नागपूर नाही, नाशिक नाही, औरंगाबाद नाही. ही यादी वाचली की आधी सोलापूरकराची छाती फुगते. मग आपण तिच्यात कशामुळं आलो हे कळतं आणि फुगलेल्या छातीत नेमकी कसली हवा भरलीय, असा प्रश्न पडतो. हवा बिघडलेल्या शहरांसाठी सुधारणेचे आराखडे करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये बजावलं, त्यातही आपलं नाव होतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, तिथंही आपण हजर. सोलापूरकराच्या अंगी सातत्य नाही असं म्हणणाऱ्यांनी या याद्या एकदा चाळाव्यात.

या मानाचा एक परिणाम असा झाला की पुढची सात वर्षं एमएच १३ पाटीची नवी मोटार आणि शेजारच्या जिल्ह्यातली एमएच २५ ची नवी मोटार यांच्या धुरात कायद्यानं एका इयत्तेचा फरक पडला. त्यांची गाडी बीएस-३, आपली बीएस-४. तुळजाभवानीच्या दर्शनाला निघालेला सोलापूरकर घाट चढून तिसरीतल्या हवेत चौथीतला धूर सोडायचा आणि परत यायचा. २०१७ मध्ये सगळा देश चौथीत आला आणि आपलं वेगळेपण संपलं.

चौथी इयत्तेबरोबर गाडीत एक चोंबडेपणा आला. आपल्या धुरावर गाडीनं स्वतःच नजर ठेवायची आणि काही बिनसलं तर मालकासमोर पिवळा दिवा लावून चहाडी करायची, अशी व्यवस्था २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये आणखी कडक झाली. तो पिवळा दिवा इंजिनाच्या चित्राचा असतो, पण आमच्याकडं बऱ्याच जणांना तो पाण्याच्या मोटारीसारखा दिसतो. ही चहाडी ज्याच्या जिवावर चालते, तो ऑक्सिजन सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत खुपसून बसवलेलं नाक.

आता धुराच्या बाबतीत सोलापूरकराला एखाद्या यंत्रानं शिकवावं, हेच मुळात कमीपणाचं. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. एवढ्या गिरण्यांच्या चिमण्यांखाली हे शहर वाढलं. चिमणीतून धूर निघतोय म्हणजे पगार आहे, निघत नाही म्हणजे टाळेबंदी, इतकं सरळ वाचन होतं. अर्थशास्त्राची पुस्तकं नंतर आली. त्या गिरणी कामगारांचा नातू आज तुमच्या गाडीमागं उभा राहतो, हात मागं बांधतो, पोराला ‘जरा रेस कर बे’ म्हणतो आणि निकाल देतो. काळा धूर: पेट्रोल जास्ती जातंय. निळा धूर: ऑइल खातीय, रिंगा गेल्या. पांढरा धूर आणि थांबत नाही: पाणी जातंय, हेडगॅस्केट बघा. आणि खरं सांगायचं तर यात चुकीचं काहीच नाही. इंजिनाच्या पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं. फक्त पुस्तकाला तंबाखू मळता येत नाही.

धुराड्याविषयीची आमची कळकळ गाडीपुरती नाही. होटगी रस्त्याच्या विमानतळाच्या वाटेत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी येत होती. ती पाडावी की राखावी यावर सोलापुरात वर्षानुवर्षं जेवढं बोललं गेलं, तेवढं एखाद्या शहरात घटनादुरुस्तीवरही बोललं जात नसेल. मोर्चे झाले, कोर्टकज्जे झाले, सोयरिकी ताणल्या. शेवटी जून २०२३ मध्ये चिमणी पडली आणि जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान उडालं. जिथं एका धुराड्यावर शहर दोन तटांत विभागलं जातं, तिथं मोटारीच्या नळीतल्या बोटाएवढ्या सेन्सरवर एकमत व्हावं ही अपेक्षाच चूक.

याचा पुरावा म्हणजे आमचे दाजी.

दाजी सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. गाडी छोटी, पेट्रोलची, चौथी इयत्ता पास. विजापूर रोडला राहतात आणि गाडी बहुतेक वेळ दारातच असते, कारण ती धुळीनं खराब होते म्हणून ते बाहेर काढत नाहीत आणि दारात धुळीनं खराब झाली की धुतात. एका सकाळी पंढरपूरला जायला म्हणून किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, विझले, पिवळा राहिला. गाडी चालत होती. एसी लागत होता. हॉर्न, म्हणजे सोलापुरात गाडीचा प्रमुख भाग, ठणठणीत होता. पण दिवा जाईना. दाजींनी बँकेत आयुष्यभर ‘त्रुटी आढळली’ असा शेरा दुसऱ्यांच्या कागदांवर मारला होता. तो आपल्या डॅशबोर्डवर उमटलेला त्यांना खपेना.

पहिला सल्लागार समोरचा चादर कारखानदार. त्यांचं घरात तेलुगू, धंद्यात हिंदी आणि गाड्यांविषयी मराठी. ते म्हणाले, “बॅटरीची तार काढा, दहा मिनिटं थांबा, लावा. कंप्युटरचं बी असंच असतंय.” तार काढली. दहा मिनिटं चहा झाला. तार लावली. दिवा गायब! कारखानदार घरी गेले ते मान ताठ करून. दिवा पुन्हा लागला तो जुना पुणे नाका ओलांडताना. याचं कारण फार साधं आहे. तार काढली की गाडीच्या कंप्युटरची स्मृती पुसली जाते, रोग जात नाही. कंप्युटर पुन्हा तपासणी करतो, पुन्हा तेच सापडतं, पुन्हा दिवा. पण त्या मधल्या वेळेत सल्लागार यशस्वी झालेला असतो, आणि त्याच्यापुरती ती केस बंद असते.

दुसरे अक्कलकोटकडचे, कन्नडमिश्रित मराठी बोलणारे निवृत्त एसटी चालक. त्यांचं निदान पंपावर. “तो पंप बरा नाय, आम्ही तिथं टाकतच नाय.” दाजींनी पंप बदलला. तिसऱ्यानं प्लग बदलायला लावले. चौथ्यानं एअर फिल्टर. पाचव्यानं काही बदलायला लावलं नाही, फक्त बॉनेटमध्ये वाकून “उंदीर” एवढंच म्हणाला आणि निघून गेला. तो शब्द दाजींच्या मनात असा रुतला की त्या रात्रीपासून गाडीखाली डांबरगोळ्या, तंबाखूची पानं आणि एक पिंजरा असा बंदोबस्त सुरू झाला. ताईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, आपल्या बाजूनं लिंबू-मिरची नवी बांधली. सगळ्या उपायांत स्वस्त तोच, आणि खरं सांगायचं तर इतरांपेक्षा कमी उपयोगी ठरला असंही नाही.

माढ्याकडचे एक ऊसवाले पाहुणे आले होते, त्यांचा सिद्धांत मात्र ऐकण्यासारखा होता. ते म्हणाले, “दाजी, पेट्रोलात आता आमचा ऊस हाय. गाडीला गोड झालंय.” यात तथ्य आहे. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळायचा टप्पा देशानं २०२२ मध्ये गाठला, वीस टक्क्यांचा २०२५ मध्ये. आणि आपला जिल्हा तर साखर कारखान्यांनी गजबजलेला. म्हणजे शेतातून उसाची मोळी कारखान्यात जाते आणि फिरून आपल्याच टाकीत येते. इथेनॉल स्वतःच्या रेणूत ऑक्सिजन बाळगून असतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच पुरते. त्यामुळं मिश्रण जळल्यावर धुरात ऑक्सिजन जरा जास्त उरतो, सेन्सरचं नाक ते हुंगतं आणि कंप्युटरला सांगतं, ‘इंधन थोडं वाढव.’ अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, ते यामुळं आणि इथेनॉलमध्ये मुळात उष्णता कमी असल्यामुळं. पण ही सगळी त्या नाकाची रोजची कामगिरी झाली, आजार नव्हे. दाजींनी पाहुण्यांकडं जरा संशयानं पाहिलं आणि त्या मुक्कामात त्यांना चहात साखर कमी पडली.

या सगळ्या काळात गाडी पीयूसीलाही जाऊन आली. नळी सायलेन्सरात गेली, आकडे आले, पाटीचा फोटो निघाला, कागद हाती पडला. गाडी स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र काचेमागं आणि गाडी बिघडल्याचा दिवा त्याच्या वीतभर अलीकडं. दाजी बँकेचे, दोन कागदांत तफावत त्यांना सहन होत नाही. ते बेचैन झाले.

आता या नाकाची कुळकथा. वॉल्थर नेर्न्स्ट हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. १८८९ मध्ये त्यांनी एक सूत्र मांडलं: दोन बाजूंना एकाच पदार्थाचं प्रमाण वेगवेगळं असेल तर मधे किती व्होल्टचा दाब तयार होतो, त्याचं. पुढं त्यांना रसायनशास्त्राचं १९२० चं नोबेल मिळालं. याच नेर्न्स्टसाहेबांनी एकोणिसावं शतक संपता संपता एक विजेचा दिवा काढला. त्यात तार नव्हती, झिर्कोनियाची, म्हणजे एका चिनी मातीसारख्या पदार्थाची, कांडी होती. ती थंड असताना वीज वाहू देत नाही, तापली की देते. त्यामुळं सुरुवातीला हा विजेचा दिवा लावायला आधी काडीपेटी लागायची! नंतर त्यात तापवणारी वेगळी तार आली, पण तोवर दुसरे दिवे पुढं गेले होते आणि नेर्न्स्टचा दिवा विझला. ती कांडी मात्र वाया गेली नाही. १९७६ मध्ये बॉश कंपनीनं झिर्कोनियाचाच सेन्सर बनवला आणि स्वीडनच्या व्होल्वोनं अमेरिकेत विकायच्या आपल्या २४० मालिकेच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसवला. ज्या पदार्थाचा दिवा लागता लागत नव्हता, त्यानंच आता जगभरच्या गाड्यांत दिवे लावून ठेवलेत.

काम असं चालतं. झिर्कोनियाच्या टोपणाला आत-बाहेर प्लॅटिनमचा पातळ थर. आतल्या बाजूला बाहेरची ताजी हवा, बाहेरच्या बाजूला इंजिनाचा धूर. धुरात ऑक्सिजन उरलाच नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर सेन्सर साधारण ०.९ व्होल्ट दाखवतो. ऑक्सिजन भरपूर उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर ०.१ च्या आसपास. कंप्युटर ते बघून पेट्रोल कमी करतो, मग वाढवतो, मग कमी करतो. अविरत कुरबूर, आणि त्या कुरबुरीतूनच बरोबर प्रमाण. अट एकच: नाक साधारण तीनशे अंशांच्या वर तापलेलं हवं. थंड नाकाला वास येत नाही. धुरानं तापायची वाट बघत बसायला नको म्हणून सेन्सरच्या पोटात एक छोटा हिटर असतो. तो गेला की नाक फार उशिरा शुद्धीवर येतं, तोवर कंप्युटर अंदाजपंचे पेट्रोल ओततो, आणि बहुधा जरा सढळ हातानंच.

दाजींच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. आणि गंमत अशी की हे पहिल्याच आठवड्यात उघड झालं होतं. भाच्याच्या मित्रानं आपला काडेपेटीएवढा स्कॅनर आणून स्टिअरिंगखालच्या खोबणीत खुपसला होता, मोबाइल जोडला होता, आणि पडद्यावर स्वच्छ आलं होतं: पी ०१३५. बँक वन, सेन्सर वन, हिटर सर्किट.

दाजी म्हणाले, “बँक? माझा आता बँकेशी काय संबंध?”

पोरानं सांगितलं की बँक म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरची रांग, तुमच्या गाडीला एकच रांग आहे. दाजींना ते पटलं, पण फार नाही. खरी अडचण पुढं होती.

“आणि हिटर? सोलापुरात?”

यावर जमलेल्या सर्वांचं एकमत झालं. बाहेर पारा बेचाळीसच्या वर. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचा दगड हात लावू देत नाही. डांबर चपलेला चिकटतंय. आणि मशीन म्हणतंय, हिटर खराब झालाय! चादर कारखानदार तर हसता हसता खाली बसले. “अहो हे स्कॅनर फॉरेनसाठी बनिवलंय. तिकडं बर्फ असतंय.” पोरगं सांगत होतं की बेचाळीस काय आणि शून्य काय, तीनशेच्या हिशेबात दोन्ही थंडच, पण त्याला मिसरूड फुटायची होती आणि समोर सगळी पांढऱ्या मिशांची मंडळी. स्कॅनर काढून घेतला गेला, पोराला सरबत दिलं गेलं आणि निदान पुन्हा अनुभवी हातांत सोपवण्यात आलं. पेट्रोलपंप, प्लग, फिल्टर, उंदीर हे सगळं त्यानंतरचं.

मला यात यंत्रावरचा अविश्वास दिसत नाही. सोलापुरात निदान हा निकाल नसतो, बैठक असते. निकाल पहिल्या पाच मिनिटांत लागला तर उरलेल्यांनी काय करायचं? प्रत्येकाच्या मेहुण्याची, साडूची, तालमीतल्या मित्राची कधीतरी गाडी बंद पडलेली असते, तो अनुभव कुठंतरी कारणी लागायला हवा. ज्याच्यापाशी काहीच नसतं तोदेखील टायरला एक लाथ मारून हवा तरी तपासतोच.

मध्यंतरी एका गॅरेजनं कोड मानला. मानला म्हणजे अर्धा मानला. सेन्सर बदलायचा, एवढं त्यांना कबूल होतं. पण अशा गाडीला नाकं दोन असतात. एक इंजिनाजवळ, धूर गाळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी; दुसरं त्याच्या पुढं, गाळणी नीट गाळते की नाही यावर पाळत ठेवायला. एक नंबरचं नाक इंजिनाच्या कुशीत, हात भाजेल अशा जागी. दोन नंबरचं खाली नळीत, खड्ड्यात उतरलं की समोर. गॅरेजच्या पोरानं खड्ड्यात उतरून पहिला दिसला तो सेन्सर बदलला. त्याच्या दृष्टीनं एक नंबर तोच. निरोगी नाक काढून त्या जागी नवं निरोगी नाक बसलं, बिल झालं, आणि दिवा, अर्थातच, राहिला. काढलेलं नाक दाजींनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं, कारण पैसे मोजलेली वस्तू दुकानात सोडून येणं हे त्यांच्या घराण्यात नाही. दुसरीकडं, एका चकचकीत ठिकाणी, एसीत बसवून, थंड पाणी देऊन, दोन्ही सेन्सर, गाळणी आणि वायरिंग असं सगळंच बदलायचा अंदाज लिहून दिला. तो आकडा पाहून दाजींनी गाडीची आजची किंमत विचारली. दोन्हींत फार अंतर नव्हतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गाडी गेली. कुणी सुचवलं म्हणून नव्हे. तिथंच पंक्चर झाली म्हणून. मिस्त्री कार्ब्युरेटरच्या जमान्यातले. कानानं ट्यूनिंग करणारे. अशा माणसाला सेन्सर वगैरे थोतांड वाटत असेल या आशेनं दाजींनी सगळी कहाणी सांगितली: बॅटरी, पंप, प्लग, उंदीर, ऊस, नाक क्रमांक दोन. मिस्त्रींनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही, पण ते त्यांच्या तोंडातल्या पानामुळं असावं. ते रिकामं झाल्यावर म्हणाले, “मशीन काय म्हणालं?”

“हिटर.”

“मग हिटरच बघू की ओ मालक. बाकीचं कशाला उकरायचं?”

त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं. एक नंबरच्या सेन्सरचा सॉकेट सोडवला. चार तारा: दोन पांढऱ्या, एक काळी, एक राखाडी. “पांढऱ्या दोन हिटरच्या,” ते म्हणाले, आणि मल्टिमीटरच्या दोन सुया त्या दोन टोकांना टेकवल्या. धड असलेला हिटर तिथं थोडे ओहम दाखवतो. मीटरनं काहीच दाखवलं नाही. आतली तार तुटलेली, वाट बंद. तेवढ्यावर ते थांबले नाहीत, हे मला आवडलं. गाडीकडून येणाऱ्या सॉकेटला टेस्टचा बल्ब लावून किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं. बल्ब लागला. म्हणजे वीज येतेय, फ्यूज शाबूत, वायर शाबूत. “उंदीर बिचारा सुटला,” असं म्हणून त्यांनी घरचा पिंजरा उचलायला सांगितलं. सगळा तपास दाजींचा चहा संपायच्या आत झाला. दाजी ग्लास हातात धरून बसले होते, आणि इतक्या लवकर उत्तर मिळाल्यामुळं चेहऱ्यावर फसवल्यासारखा भाव.

सेन्सर काढायला मात्र वेळ गेला. इंजिन जरा कोमट केलं, चुड्यांवर गंज सोडवणारं तेल मारलं, मग बावीसचा पाना. साधा पाना नाही. पाईपसारखा, तार बाहेर यायला बाजूनं फट पाडलेला. सेन्सर करकरला, हटून बसला, पुन्हा तेल, पुन्हा पाना, मिस्त्रींच्या तोंडून तेलुगूत काहीतरी निघालं जे दाजींना कळलं नाही आणि सेन्सरला कळलं. तो सुटला. नव्याच्या चुड्यांना त्यांनी जपून किंचित पेस्ट लावली. “नाकाला लागू द्यायची नाय. आणि पोरं गॅस्केटला तो लाल गम थापतात ना, सिलिकॉनचा, त्याची वाफ बी ह्याला चालत नाय. आंधळं होतंय.” नाक आंधळं कसं होईल हे मी विचारलं नाही. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचं म्हणणं चुकलं असेल, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर होतं: सिलिकॉन जळून त्याचा लेप प्लॅटिनमवर बसतो आणि सेन्सर बाद होतो.

प्लॅटिनमचा उल्लेख दाजींनी घरी जेवताना केला, किंमत का पडली ते समजावण्यासाठी. करायला नको होता. ताईनं भाकरी वाढता वाढता एवढंच विचारलं, “म्हणजे गाडीच्या सायलेन्सरात प्लॅटिनम हाय?” मग थोडं थांबून, “आणि मला?” त्या दिवशी शेंगाचटणी नेहमीपेक्षा तिखट लागली म्हणतात.

पण गॅरेजमधला शेवटचा प्रकार सांगायचा राहिला. नवा सेन्सर बसल्यावर मिस्त्रींच्या नातवानं मोबाइलवर आलेख लावून दाखवला. रेघ वर जायची, खाली यायची, वर, खाली, थांबायचं नाव नाही. दाजींना बीपीचा त्रास. ते घाबरले. “हे तर अजूनच बिघडलं की!”

“पुढचा नाचताच पायजे मालक. मागचा सरळ पायजे. पुढचा सरळ झाला की संपला समजा.”

मागच्या सेन्सरची रेघ खरंच शांत होती, ०.७ व्होल्टच्या आसपास पडून. म्हणजे गाळणी ठणठणीत. चकचकीत ठिकाणी जिचा हजारोंचा अंदाज निघाला होता, तीच. दाजींनी दोन्ही रेघा पुन्हा पुन्हा पाहिल्या, चष्मा पुसून पाहिल्या, आणि नातवाला विचारलं, “ह्याचं प्रिंट मिळेल का?”

दिवा गेला तो गेलाच. अ‍ॅव्हरेज सुधारलं. आणि दाजी उदास झाले. याचा उलगडा मला जरा उशिरा झाला. दिवा लागलेला असताना रोज संध्याकाळी दारात दहा माणसं जमत होती. चादर कारखानदार, एसटीवाले, उंदीर म्हणून निघून गेलेला तो. सगळ्यांना दाजींच्या गाडीची काळजी. आता गाडी बरी आहे म्हटल्यावर कोण कशाला येईल? कुणी वाटेत भेटून विचारलंच, “काय झालं होतं ओ?” तर उत्तर काय द्यायचं? “सेन्सर.” एका शब्दात सगळं संपतं. एवढ्यावर चहासुद्धा होत नाही.

म्हणून दाजींनी हळूहळू उत्तर वाढवत नेलं. आता ते जर्मनीतल्या नेर्न्स्टपासून सुरू करतात, ते मी त्यांना सांगितलं म्हणून. व्होल्वोवरून २०१० च्या यादीवर येतात, नागपूरचं नाव तिच्यात नव्हतं हे दोनदा सांगतात, चिमणीपाशी थोडा मुक्काम करतात, माढ्याच्या पाहुण्यांचा ऊस घेतात आणि तासाभरानं एक नंबरच्या नाकाशी पोचतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दोन नंबरचं नाक ते पुराव्यादाखल टेबलावर ठेवतात. लोक ते हातात घेऊन, फिरवून बघतात. एकानं हुंगूनही पाहिलं.

साहजिकच दाजी आता सल्लागार झालेत. परवा आसरा चौकात एका कॉलेजच्या पोराची स्कूटर बंद पडली होती. दाजींनी गाडी कडेला घेतली, हात मागं बांधले आणि जवळ गेले.

“पिवळा दिवा लागलाय?”

“लागलाय की मामा.”

“मग बँक वन, सेन्सर वन. हिटर. चालू कर बघू, जरा रेस कर, धूर कसला येतोय बघतो.” आणि दाजी मागच्या चाकापाशी वाकून सायलेन्सर शोधू लागले. डाव्या बाजूला नाही. उजव्या बाजूला नाही. सीटखाली पाहिलं. मग अगदी गुडघ्यावर बसून पाहिलं.

“मामा, ही चार्जिंगची हाय,” पोरगं म्हणालं. “हिला धूर नसतोय.”

दाजी उठले, पँटची धूळ झटकली आणि रागानं म्हणाले, “मग हिचं निदान कशावरून करायचं बे?”